राहत्या घराची सवलत आणि अर्जाची मुदत

ज्या घरात मालक स्वतः कुटुंबासह राहतो त्या घरापासून त्याला भाड्याचा एक रुपयाही मिळत नाही, ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. तरीही आपल्या शहरांतील घरपट्टीची उभारणी ज्या कायद्यावर झाली आहे, तो कायदा प्रत्येक घराकडे ते जणू भाड्याने दिलेले आहे असे धरूनच पाहतो. घर भाड्याने दिले असते तर वर्षाकाठी वाजवीपणे किती रक्कम हाती आली असती याचा अंदाज करावयाचा, तीतून दुरुस्ती-देखभालीखातर दहा टक्के वजा करावयाचे आणि उरलेल्या रकमेस करपात्र ठरवून तिच्यावर निरनिराळे कर आकारावयाचे, ही रीत १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने घालून दिली आणि त्या अधिनियमाचे नाव पुढे बदलले तरी रीत तीच राहिली. जो खरोखर भाडे घेतो त्याच्या बाबतीत हा हिशेब न्याय्य आहे, कारण कर भरावयाचा तो आलेल्या उत्पन्नातून. परंतु ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून, कर्ज काढून, दोन खोल्यांचा आसरा उभा केला आणि जो त्यातच राहतो, त्याला न आलेल्या भाड्यावर कर भरावा लागतो. हे कल्पित भाडे आणि खरी मिळकत यांतील अंतर कोठेतरी भरून काढणे हे न्यायाचेच काम होय.

पुणे महानगरपालिकेने ते १९७० साली केले. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीस वार्षिक भाड्याच्या रकमेत चाळीस टक्के सवलत द्यावी आणि देखभाल-दुरुस्तीची वजावट दहाऐवजी पंधरा टक्के धरावी, असा ठराव त्या वर्षी झाला. तो काळ ध्यानात घेतला म्हणजे त्या ठरावामागची दृष्टी उमगते. १९६१ च्या जुलैमध्ये पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या होत्या, त्याच्या आगेमागे सहकारी संस्थांचा कायदा नव्याने झाला होता, आणि वाड्यांतील भाडेकरू असलेला कारकून, शिक्षक, छापखान्यातील कामगार असा वर्ग शहराच्या कडेला आपापली लहान घरे बांधू लागला होता. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला नगराने थोडा आधार द्यावा, कारण असा मनुष्य त्या नगरात मूळ धरतो, हा विचार त्या ठरावात असावा असे मला वाटते, आणि तो विचार आजही जुना झालेला नाही.

या सवलतीचे वजन आकड्यांत पाहू. एखाद्या घराचे वाजवी भाडे पालिकेने दरमहा २,००० रुपये धरले असेल तर वर्षाचे २४,००० रुपये होतात. त्यातून कायद्याप्रमाणे दुरुस्तीचे दहा टक्के गेले की २१,६०० उरतात आणि मालक स्वतः राहत असल्यास त्यातून चाळीस टक्के वजा होऊन करपात्र रक्कम १२,९६० रुपयांवर येते. सवलत गेली तर त्याच घराला, त्याच भिंतींना आणि त्याच माणसांना २१,६०० रुपयांवर कर बसतो, म्हणजे एकदम दीडपटीहून अधिक. ज्याच्या घरात पगार चालू आहे त्याला हा फरक पेलेल. निवृत्तिवेतनावर, किंवा त्याहूनही बिकट म्हणजे केवळ मुलाने पाठविलेल्या पैशांवर चालणाऱ्या घरात हा फरक औषधांच्या खर्चातून काढावा लागतो.

पुढे काय झाले हे पुणेकरांना ठाऊक आहे, तरी क्रम नीट मांडणे आवश्यक आहे. अधिनियमात अशा सवलतीला आधार नाही अशी हरकत लेखापरीक्षणात निघाली. राज्य शासनाने २०१८ साली तो जुना ठराव विखंडित केला. १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी होणाऱ्या मिळकतींना सवलत मिळेनाशी झाली. याच सुमारास खासगी संस्थांकडून सर्व मिळकतींचे सर्वेक्षण चालू होते आणि त्यात जेथे मालकाऐवजी दुसरा कोणी राहत असल्याची नोंद झाली तेथील सवलत काढून घेऊन फरकाची बिले पाठविण्यात आली. सर्वेक्षक आला तेव्हा दाराला कुलूप असलेली, वृद्ध मालक मुलीकडे गेलेली, घरी केवळ भाचा शिकायला राहिलेला, अशी कितीतरी घरे त्या नोंदीत भरडली गेली, आणि आपली सवलत गेली हे अनेकांना कळले ते बिलाचा आकडा वाचल्यावर. नागरिकांत तीव्र असंतोष झाला, पक्षोपपक्षांनी आंदोलने केली आणि अखेरीस २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने चाळीस टक्क्यांची सवलत पुन्हा लागू करण्याचा निर्णय घेतला. दुरुस्तीची वजावट मात्र कायद्याप्रमाणे दहा टक्क्यांवर आली. सवलत परत आणणाऱ्या सर्वांचे यात श्रेय आहे आणि ते मी मनापासून देतो.

परंतु जी सवलत काढून घेताना कोणाचा अर्ज मागितला नव्हता, ती परत देताना मात्र अर्ज मागण्यात आला. ज्यांची सवलत सर्वेक्षणात काढली गेली आणि ज्यांची आकारणी २०१९ नंतर झाली, त्यांनी पीटी-३ नावाचा नमुना भरावा, सोबत आपण त्या जागेत स्वतः राहतो याचे पुरावे जोडावेत, आणि हे सर्व नोव्हेंबर २०२३ च्या मुदतीत करावे, अशी ती व्यवस्था होती. सोसायटीचे ना-हरकत पत्र, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, गॅसचे पुस्तक, शिधापत्रिका अशी पुराव्यांची नामावली होती. शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या कराच्या बिलाची प्रत द्यावयाची होती. ज्यांची सवलत पूर्वीपासून अखंड चालू होती त्यांना काहीच करावयाचे नव्हते. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर असे दृश्य निर्माण झाले की वर्षानुवर्षे सदनिका भाड्याने देणारा, परंतु सर्वेक्षकाच्या नजरेतून सुटलेला मालक निर्धास्त राहिला, आणि समोरच्या दारातील, घर कधीही न सोडलेले वृद्ध जोडपे कागद गोळा करीत बसले.

त्या दिवसांत आमच्या इमारतीतील एका काकूंचा अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आले. वय पंचाहत्तरीच्या पुढचे, यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगा परगावी नोकरीला. त्यांनी कापडी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडले तेव्हा त्या कागदांतून एका संसाराचा सारा इतिहास उलगडत गेला, मात्र पालिकेला हवा असलेला एकही कागद सरळ उपयोगी पडेना. कराच्या बिलावर नाव यजमानांचे. गॅसचे पुस्तक यजमानांच्या नावाचे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून तेच, आणि काकूंचे नाव दुसऱ्या ओळीत, पत्नी म्हणून. पारपत्र त्यांनी कधी काढले नव्हते आणि गाडी कधी चालविली नव्हती. मतदार ओळखपत्र तेवढे स्वतःचे होते, त्यावर माहेरच्या पद्धतीने लिहिलेले नाव होते आणि आधार कार्डावरील नावाशी त्याचा मेळ बसत नव्हता. अर्जातील ‘मिळकतधारकाचे नाव’ या रकान्यापाशी मी थांबलो तेव्हा त्यांनी हळूच विचारले, “ह्यांचं नाव खोडावं लागेल का रे?” मी त्यांना म्हटले की खोडायचे काहीच नाही, खाली तुमचे नाव वारस म्हणून लिहू. परंतु ते तसे लिहून भागत नाही हे मला ठाऊक होते. कराच्या नोंदीत वारसाचे नाव लागण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे कागद, मृत्यूचा दाखला, अन्य वारसांची संमती. ती नोंद झाल्यावर मग हा अर्ज, आणि या अर्जाची मुदत तर त्या नोंदीसाठी थांबणार नव्हती.

या प्रसंगात कोणाही कारकुनाचा दोष नाही, आणि म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे. समोर बसलेला कर्मचारी हुकुमाप्रमाणे कागद तपासतो. पेठ निरीक्षकाला जागा पाहून शेरा मारावयाचा असतो आणि त्याच्या पेठेत अशा शेकडो जागा असतात. दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे. सवलतीचे कारण असलेली वस्तुस्थिती, म्हणजे मालकाचे त्या घरातील वास्तव्य, अर्ज केल्याने उत्पन्न होत नाही आणि अर्ज न केल्याने नाहीसे होत नाही. अर्ज हा ती वस्तुस्थिती कळविण्याचा एक मार्ग आहे, एवढेच. त्या मार्गाला मुदत घालता येईल, कामाच्या सोयीसाठी ती घालावीही लागते; परंतु मुदत उलटली म्हणून वस्तुस्थितीच बदलली असे मानून कर आकारणे आणि वर त्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढविणे हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. दरमहा दोन टक्के म्हणजे वर्षाचे चोवीस. गृहकर्जावरही एवढे व्याज कोणतीही बँक घेत नाही.

अशा मुदती कोण चुकवितो याकडे लक्ष दिले पाहिजे. ज्याचा कर सल्लागार आहे, ज्याच्या घरी संगणक आहे, ज्याला कार्यालयीन भाषा अवगत आहे, तो पहिल्या आठवड्यात अर्ज देऊन मोकळा होतो. चुकतात ते वृद्ध, विधवा, परगावी उपचारासाठी गेलेले, ज्यांच्या भावाभावांत वाटणीचा वाद आहे ते, आणि ज्यांच्या सोसायटीत देखभाल खर्चावरून बेबनाव आहे म्हणून सचिव ना-हरकत पत्रावर सही करीत नाही ते. ज्यांच्या घराला सोसायटीच नाही त्यांची तर गणतीच वेगळी. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत आली. त्या गावांतील वडिलोपार्जित जागेवरची किंवा गुंठेवारीची घरे, ज्यांचे कागद तलाठ्याच्या दप्तरात आणि बिले पालिकेची, त्यांनी ना-हरकत पत्र कोणाकडून आणावयाचे? सवलतीची ज्याला सर्वांत अधिक गरज, त्याच्यापासूनच ती सर्वांत दूर जाते, असा या अर्जपद्धतीचा प्रत्यक्ष परिणाम आहे.

पालिकेची बाजूही तितक्याच आस्थेने ऐकली पाहिजे. जकात गेली, तिच्या जागी २०१३ साली आलेला स्थानिक संस्था करही दोन वर्षांत बहुतांशी गेला, वस्तू व सेवा कर आल्यावर नगरांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे मोठे उत्पन्न मिळकतकराचेच उरले. त्यातून रस्ते, दवाखाने, शाळा, सांडपाण्याची व्यवस्था चालवावयाची असते. भाड्याने दिलेल्या सदनिका ‘स्वतः राहतो’ असे सांगून सवलत उपभोगणारे लोक आहेत, हे कोणी नाकारू शकत नाही, आणि त्यांच्यामुळे बुडणारा कर अखेर प्रामाणिक करदात्यालाच भरावा लागतो. म्हणून तपासणी हवी, आणि ती कडकही हवी. माझे म्हणणे इतकेच आहे की तपासणीचा भार आणि शंकेचा फायदा यांची वाटणी आज उलटी झालेली आहे. खोटी सवलत घेणाऱ्याला शोधण्याचे काम पालिकेचे आहे. ते अवघड आहे म्हणून प्रत्येक राहत्या मालकाला आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करावयास लावणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

वास्तव्याच्या बहुतेक खुणा पालिकेपासून लपलेल्याही नाहीत. घर विकत घेतले की दस्ताची नोंदणी होते आणि सूची क्रमांक दोनची प्रत घेऊनच मालक कराच्या नोंदीत नाव लावण्यासाठी येतो; त्याच वेळी, त्याच कागदावर, ‘मी या घरात स्वतः राहणार आहे’ असे घोषणापत्र त्याच्याकडून घेता येते. मतदारयाद्यांच्या कामासाठी पालिकेचेच शिक्षक आणि कर्मचारी घरोघर पाठविले जातात. भाड्याच्या करारांची नोंदणी शासनाच्याच विभागात होते, आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या तर कोठे भाडेकरू असण्याचा संभव आहे हे बऱ्याच अंशी दिसून येईल. ज्या घरांबद्दल तशी शंका येईल तेवढ्यांनाच नोटीस द्यावी, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि मग निर्णय करावा.

मुंबईचे उदाहरण अनेकजण देतात. बृहन्मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मिळकतकर १ जानेवारी २०२२ च्या घोषणेने माफ झाला आणि त्यासाठी रहिवाशाला अर्ज करावा लागला नाही, कारण घराचे क्षेत्रफळ पालिकेच्या दप्तरात आधीच होते. हे सोपे खरे, परंतु तेथे घरात कोण राहतो हे पाहिलेच जात नाही; लहान घर भाड्याने देणाऱ्या मालकालाही तीच माफी मिळते आणि सहाशे चौरस फुटांत राहणाऱ्या मोठ्या कुटुंबाला काहीच मिळत नाही. क्षेत्रफळापेक्षा वास्तव्याची कसोटी मला अधिक न्याय्य वाटते, आणि म्हणूनच ती कसोटी लावण्याची रीतही तितकीच न्याय्य असली पाहिजे असा माझा आग्रह आहे.

वास्तव्याच्या कसोटीवर चालणारी एक जुनी व्यवस्था कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे. तेथे डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांच्या सरकारने १९५७ साली राहत्या घराच्या मालकाला मिळकतकरात प्रांताकडून अनुदान देण्यास आरंभ केला. प्रारंभी ते २८ डॉलर होते, आज व्हॅंकूव्हरसारख्या भागांत ते सर्वसाधारण मालकाला ५७० आणि पासष्ट वर्षांवरील मालकाला ८४५ डॉलरपर्यंत मिळते, आणि घराचे मूल्य ठरावीक मर्यादेच्या वर गेले की उतरत जाते. तेथेही अर्ज करावा लागतो, आणि तोही दरवर्षी. २०२१ पूर्वी तो बहुधा स्थानिक पालिकेकडे करावयाचा असे, त्यानंतर तो सरळ प्रांत सरकारकडे करावयाचा असतो. वर्षाला एकदा अर्ज मागणे ही गोष्ट आपण उचलावी असे मी म्हणणार नाही, आणि वेळेत अर्ज न आल्यास तेवढी रक्कम थकबाकी धरून तेथेही दंड लागतो. परंतु तेथील तीन गोष्टी आपल्या अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी बारकाईने पाहाव्यात. एक तर कर भरण्यास पैसे नसले तरी अनुदानाचा अर्ज देता येतो. कर भरणे आणि हक्क सांगणे यांना तेथे एकमेकांत अडकविलेले नाही. दुसरे, आदल्या वर्षीचा अर्ज राहून गेला असल्यास तो नंतरही करता येतो. आणि तिसरी गोष्ट वाचताना मला आमच्या काकूंची आठवण झाली: मालक मृत्यू पावला आणि नोंदीत अजून त्याचेच नाव असले, तरी त्या घरात राहणाऱ्या त्याच्या पत्नीला किंवा नातलगाला अनुदान मागता येते.

त्या व्यवस्थेतील आणखी एक भाग येथे फार महत्त्वाचा आहे. अनुदानाचा भार प्रांताची तिजोरी उचलते; पालिकेच्या उत्पन्नाला त्याचा धक्का बसत नाही. आपल्याकडे सवलत जाहीर करावयाची राज्य मंत्रिमंडळाने आणि तिची तूट सोसावयाची पालिकेने, अशी विभागणी असल्यामुळे ज्या यंत्रणेने सवलत द्यावयाची तिलाच ती कमीत कमी लोकांना मिळण्यात हित असते. कोणाच्याही मनात वाईट हेतू नसला तरी असा हितसंबंध मुदतीत, पुराव्यांच्या यादीत आणि अर्ज नाकारण्याच्या शेऱ्यांत हळूहळू उतरतोच. राज्य शासनाने या तुटीचा काही हिस्सा पालिकेला अनुदान म्हणून दिला तर पालिकेचा हात मोकळा होईल, आणि सवलतीला विरोध करण्याचे तिला कारणही उरणार नाही. हे केवळ पुण्यापुरते ठेवण्याचेही कारण नाही; राहत्या घराची न्याय्य बाजू सोलापुरातील विडी कामगार स्त्रीच्या घरालाही लागू आहे आणि नागपुरातील निवृत्त शिपायाच्या घरालाही. अशी तरतूद अधिनियमातच स्पष्ट शब्दांत आली, तर लेखापरीक्षकाच्या हरकतीवर ती पुन्हा विखंडित होण्याची भीती राहणार नाही.

हे सर्व व्हावयास विधिमंडळाचा वेळ लागेल. परंतु काही गोष्टी पालिकेला स्वतःच्या अधिकारात, एप्रिलमध्ये नवी बिले छापण्यापूर्वी करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक बिलावर ‘राहत्या घराची सवलत लागू’ किंवा ‘लागू नाही, कारण’ असे दोन शब्द छापले, तर मनुष्याला आपली स्थिती आकड्यांतून ओळखत बसावे लागणार नाही. वारसाच्या नोंदीचा अर्ज आणि सवलतीचा अर्ज एकाच नमुन्यात एकत्र करावेत, आणि नोंद पूर्ण होईपर्यंत घरात राहणाऱ्या पत्नीची किंवा पतीची सवलत थांबवू नये. सोसायटी नसलेल्या घरासाठी शेजारच्या दोन करदात्यांच्या सह्यांचे पत्र पुरेसे मानावे. सवलत काढावयाची झाल्यास आधी नोटीस जावी आणि तिचे उत्तर येईपर्यंत जुनेच बिल चालू राहावे. मुदत उलटून आलेला अर्जही घ्यावा, आणि तो खरा ठरल्यास सवलत अर्जाच्या तारखेपासून न देता वास्तव्याच्या तारखेपासून द्यावी. जास्तीची भरलेली रक्कम पुढील बिलांत वळती करण्याची सोय पालिकेजवळ आहेच. आणि ज्या घरांवर केवळ अर्ज आला नाही एवढ्याच कारणाने थकबाकी दिसत आहे, त्यांच्यावरची शास्ती प्रथम थांबवावी, जप्तीची नोटीस काढू नये, आणि पेठ निरीक्षकाने त्या दारी एकदा जाऊन आत कोण राहते ते पाहून यावे.